हौसेचं ऑपरेशन

“आठ पूर्णांक सहा,” सर्जन म्हणाला आणि त्याने कागद तिच्याकडे वळवला.

किटलीताईने त्या आकड्याकडे नीट पाहून घेतलं. मापात मारणाऱ्या दुकानदाराकडे पाहावं, तसं.

“किती पाहिजे?”

“अकरा तरी हवं. बारा असलं तर मी निवांत.”

“मग वाढवते.”

दूध कमी पडलं, आणखी घेऊन येते, असं म्हणावं इतक्या सहज ती हे म्हणाली. सर्जन वयाने लहान होता. त्याने पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगायला घेतलं. रक्तातलं हिमोग्लोबिन इतकं कमी असताना पोटावर एवढी मोठी चीर द्यायची नसते. टेबलावर रक्त जातंच. ते सोसायला अंगात शिल्लक हवी, नाहीतर जखम भरत नाही. अपेंडिक्स फुटलं असतं तर गोष्ट वेगळी होती, रक्त चढवून त्याने लगेच हात घातला असता. पण ही शस्त्रक्रिया ऐच्छिक. तिच्यासाठी दुसऱ्याचं रक्त चढवणं त्याला पटत नव्हतं.

“ऐच्छिक म्हणजे,” तो जरा अडखळला, “केलीच पाहिजे अशी नाही. हौसेची, म्हणा ना.”

“हौसेचीच आहे,” किटलीताई म्हणाली. “मी दुसरं काही म्हटलं का?”

त्याने आतून कुठे रक्त जात नाही ना, याच्या तपासण्या लिहून दिल्या. त्या सगळ्या चांगल्या निघाल्या. तेव्हा त्याने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दीड महिन्याने यायला सांगितलं. त्याची समजूत अशी झाली असावी की बाई आता काही परत येत नाही.

किटलीताई पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चहा करायची. जिन्याखाली तिची खोली होती. खोली म्हणायची एवढंच, एक शेगडी, एक मोरी आणि कपांची फळी. तिथून ती किटली घेऊन निघे आणि तीन मजले चढून प्रत्येक टेबलावर कप ठेवत परत येई. तिचं खरं नाव हजेरीच्या दिवशी साहेबांना आठवावं लागे. बाकी सगळ्यांची ती किटलीताई.

अंगाने ती लठ्ठ नव्हती. हात-पाय काटक्या, गळ्याची हाडं मोजून घ्यावीत, आणि मध्ये हे पोट. तीस वर्षांपूर्वी जुळ्यांनी ताणलं ते पुन्हा जागेवर गेलं नाही. कातडं ओटीवरून खाली लोंबत होतं, उन्हाळ्यात त्याच्या घडीत पुरळ उठे, आणि समोरून पाहणाऱ्याला वाटे, बाईचे दिवस भरत आलेत. बसमध्ये पोरीबाळी उठून जागा देत. रांगेत बायका हळूच विचारत, कितवा? सुरुवातीला ती ओशाळायची. नवरा गेल्यावर तर मान खाली घालायची. मग वयाबरोबर जीभ सुटली.

“कितवा?”

“तिसावा.”

“महिना?”

“वर्ष.”

ऑफिसातला हेडक्लार्क तर म्हणायचा की या इमारतीत दोनच गोष्टी सगळ्यांच्या पुढे आहेत, एक भिंतीवरचं घड्याळ आणि दुसरी काय ते ताईंना माहीत. लोक हसत, तीही हसे आणि त्याच्या कपात साखर कमी घाली.

हसण्यावारी नेता आलं नाही ते नव्या मॅडमचं. त्या बदलून आल्या, स्वभावाने भल्या. आठ दिवस त्यांनी किटलीताईला जिना चढताना पाहिलं आणि नवव्या दिवशी शिपायाला बोलावून सांगितलं, की बाळंतपण होईपर्यंत किटली तू वर आणायची, यांना अशा अवस्थेत ओझं उचलू द्यायचं नाही. शिपाई किटली घ्यायला आला तेव्हा त्याचं तोंड हसू दाबून लाल झालं होतं. ऑफिस तीन दिवस हसत होतं. मॅडमना कुणीतरी खरं सांगितलं, तशा त्या धावत खाली आल्या, हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं. किटलीताईनेच त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. टोमण्याला उलट टोमणा देता येतो. मायेला काय देणार? त्याच दुपारी ती अर्धी रजा टाकून, हे लोंबतं कातडं कापून काढतात का ते विचारायला हॉस्पिटलात गेली होती.

घरी माणसं दोन, सासू आणि लेक. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, पाठीतून पार वाकलेल्या, पण जिभेला बाक नाही. लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची. घरीही बोलण्यापेक्षा दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक काढण्याकडे तिचा ओढा. पैसे किटलीताईचे स्वतःचे, वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले, त्यामुळे त्यावर कुणाला बोलायला जागा नव्हती. म्हणून दोघी वयावर बोलल्या.

सासूबाईंचं म्हणणं, हे हात दाखवून अवलक्षण आहे. धडधाकट बाई आपल्या पायांनी चालत जाऊन पोट फाडून घेते, असं त्यांनी आपल्या हयातीत ऐकलं नव्हतं. आणि दाखवायचंय कुणाला? नवरा जाऊन नऊ वर्षं झाली.

“मलाच दाखवायचंय,” किटलीताई म्हणाली. “आंघोळीला जाते तेव्हा तिथे मी एकटीच असते.”

“एवढी वर्षं नाही दिसलं ते?”

“दिसत होतं. वेळ नव्हता.”

लेकीने वेगळी वाट काढली. विरोध करून उपयोग नाही हे तिला कळत होतं, तेव्हा निदान लोकांना सांगताना हर्निया म्हणू या, असं तिने सुचवलं. हर्निया कुणालाही होतो, पुरुषांनाही होतो, त्यात कुणी काही विचारत नाही. किटलीताई भाजी निवडत होती. हातातली काडी तिने बाजूला ठेवली.

“ताकाला जायचं तर भांडं कशाला लपवायचं? मी चोरी करतेय का?”

“तसं नाही गं. लोक नावं ठेवतात.”

“ठेवू दे. इतकी वर्षं पोटाला ठेवलीच की. मला हे नकोय, म्हणून मी काढतेय. हर्निया झाला असता तर तुम्ही दोघींनी मला हाताला धरून नेलं असतं. दुखलं की जायचं आणि हवं असलं की नाही जायचं, हे कुणी ठरवलं?”

लेकीला या वाक्यात चूक सापडली नाही.

मग रक्त वाढवायला सुरुवात झाली. घरात पालक आला, बीट आलं, खजूर आला, अंडी आली, आठवड्यातून एकदा कलेजी आली. माळ्यावरची लोखंडी कढई खाली उतरली. तीस वर्षं किटलीताई सगळ्यांच्या शेवटी जेवत आली होती, म्हणजे भांड्याच्या तळाशी जे उरेल ते. आता ती आपलं ताट आधी वाढून घेऊ लागली. पहिल्या दिवशी तिचाच हात अडखळला. सासूबाई समोर बसून पाहत होत्या. पोट उतरवायला निघालेली बाई दुप्पट जेवते, असं औषध आपल्याला तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या भिंतीला म्हणाल्या. किटलीताईने भिंतीच्या वतीने काही उत्तर दिलं नाही. कलेजीचा दुसरा तुकडा वाढून घेतला.

गोळ्यांनी तोंडाला गंजकी चव आली. पोट जड राही, भूक मरे. ती न चुकता गोळी घेत राहिली.

दीड महिन्याने आकडा आला आठ पूर्णांक सात.

घरी हे कळल्यावर सासूबाई काही लागट बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं. पालथ्या घड्यावर पाणी, एवढंच त्या म्हणाल्या. शरीरच नको म्हणतंय, ऐक त्याचं. लेकीने नुसता सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात सुटका होती, आणि ती किटलीताईला ऐकू आली.

सर्जनसुद्धा आता हळू बोलला. शिरेतून लोह द्यायचा मार्ग आहे म्हणाला, पण मग म्हणाला, एकदा विचार करा, एवढा अट्टाहास करायलाच हवा का. किटलीताई म्हणाली, विचार करूनच आले होते. त्याने पुन्हा रक्त तपासायला पाठवलं.

रक्त काढणारी सिस्टर आडव्या बांध्याची होती आणि तिला बोलायला माणूस लागायचा. दंडाला पट्टा बांधता बांधता तिने सगळी चौकशी केली. काय खाता, कुठे काम करता, गोळी कधी घेता.

“सकाळी. कामावर गेल्या गेल्या.”

“कशाबरोबर?”

“चहाबरोबर. पहिली किटली उतरली की.”

सिस्टरचा हात थांबला. “आणि जेवणानंतर?”

“चहाच. चहाच करते ना मी.”

“दिवसाला किती होतो?”

हे किटलीताईला सांगता येईना. तसा ती चहा पीत नव्हती. बसून, कप हातात घेऊन, असा सकाळ-संध्याकाळ घरी सासूबाईंबरोबर तेवढाच. पण न चाखलेली किटली आजवर तिने वर नेली नव्हती. चमचाभर चाखून भागायचं नाही, चमच्यात चहाचा स्वभाव कळत नाही. चांगला अर्धा कप घ्यायचा, तोंडात फिरवायचा, मग साखरेला हात लावायचा. किटल्या दिवसाच्या किती, हे तिने मनात मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

सिस्टर इतकी हसली की तिने सुई बाजूला ठेवून दिली. “अहो ताई, तुम्ही लोह आत घालताय आणि चहा त्याला मागच्या दाराने बाहेर काढतोय. कलेजी खाऊन वर चहा पिता, म्हणजे खाल्लं न खाल्लं सारखंच.” मग तिने नीट सांगितलं. गोळी उपाशीपोटी घ्यायची, लिंबाच्या पाण्याबरोबर. तिच्या आगेमागे दोन तास चहा नाही, जेवणाच्या आगेमागेही नाही. तुमच्या दिवसात असे मोकळे दोन तास दिसत नाहीत, तेव्हा सोडूनच द्या काही महिने.

“चाखणंसुद्धा?”

“चाखणंच तर मुख्य.”

दंडाला कापसाचा बोळा दाबून किटलीताई बराच वेळ बाकावर बसून होती. सोडायला दारू असती तर सोपं होतं, सगळ्यांनी शाबासकी दिली असती. तिला तिचं कसबच गहाण ठेवायला सांगत होते. आणि समोर खिडकीच्या काचेत तिचं पोट तिच्या आधी बसलं होतं. ती उठली आणि वाटेत लिंबं घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी न चाखता गेलेली पहिली किटली इतकी गोड झाली की दुसऱ्या मजल्यावरून कप तसेच परत आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी साखर राहूनच गेली. तिसऱ्या दिवशी तिने वास घेऊन पाहिला, रंग पाहिला, उकळीचा आवाज ऐकला. पण जीभ मध्ये नसली की बाकीची इंद्रियं नुसती साक्षीदार. हेडक्लार्क वरून ओरडला की ताई, चहा पाठवलाय की पाणीपुरवठ्याची तक्रार?

किटलीताई कप आणि चमचा घेऊन त्याच्या टेबलापाशी गेली.

“चाखा.”

“मी?”

“तुमची जीभ लांब आहे असं सगळे म्हणतात. कामाला लावा.”

त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या होत्या. त्याने चाखलं, साखर एक चमचा कमी आहे म्हणाला, आणि मग अधिकाराची चव लागल्यासारखा म्हणाला, आलंही थोडं जास्त झालंय. त्या दिवसापासून प्रत्येक किटली वर जाण्याआधी हेडक्लार्क जिन्याखाली येऊन उभा राहू लागला. पुढे कैक वर्षांनी, किटलीताई गेल्यावर भेटायला आलेल्या ऑफिसातल्या माणसांनी आठवण काढली ती याच दिवसांची: एवढा मोठा हेडक्लार्क, अर्धा कप धरून, डोळे मिटून उभा, आणि ही पदराला हात पुसत विचारतेय, बोला, काय निकाल?

त्याला कारण सांगावंच लागलं, आणि तिने ते जसं होतं तसं सांगितलं. तो कपात पाहत राहिला. त्यानंतर त्याने घड्याळाचा विनोद केला नाही. माफीही मागितली नाही. पण एकदा उन्हाळ्यात लिंबं महाग झाली तेव्हा जिन्याखालच्या फळीवर कुणीतरी एक पिशवी ठेवून गेलं होतं.

ऑफिसचं जमलं; घरचं कठीण होतं. सासू-सुना आयुष्यभर एकमेकींशी धड बोलल्या असतील-नसतील, पण सकाळ-संध्याकाळचा चहा दोघींनी एका वेळी, समोरासमोर घ्यायचा, हे तीस वर्षं चाललं होतं. त्यात बोलणं फार नसे. फुंकर, घोट, कप खाली. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा, माणसं पांगल्यावर, सासूबाईंनी आपल्या हाताने दोन कप केले होते. आता त्यांच्यासमोर एकच कप येऊ लागला.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “तुझा?”

“मला बंद आहे.”

“घोटभर घे. घोटाने काय मरत नाही कुणी.”

“मरत नाही. वाढतही नाही.”

सासूबाईंनी कप बाजूला सारला. पुढचे चार दिवस त्याही चहा प्यायल्या नाहीत. डोकं धरलं, चिडचिड केली, लेकीला दोष दिला, भिंतीला दिला. पाचव्या दिवशी सकाळी किटलीताई उठून आली तर ओट्यापाशी सासूबाई लिंबू पिळत उभ्या होत्या. ओटा त्यांना हनुवटीपर्यंत येत होता. पेला त्यांनी सरकवला आणि तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, “कापून घ्यायचंच आहे तर नीट रक्त भरून जा. तू टेबलावर राहिलीस तर मला तुझ्या लेकीच्या हातचं खावं लागेल.”

त्यानंतर त्यांनी ते कामच अंगावर घेतलं. गोळी घेतलीस का, हे त्या इतक्यांदा विचारत की विरोध परवडला असं वाटावं. सकाळी दोघी समोरासमोर बसत; एकीसमोर चहा, दुसरीसमोर लिंबाचं पाणी. सासूबाई फुंकर घालत. किटलीताईला फुंकरायला काही नसे, तरी ती पेला खाली ठेवायची ती त्यांच्याच वेळेला.

पुढच्या तपासणीला आकडा निघाला नऊ पूर्णांक नऊ. त्याच्या पुढच्या वेळी अकरा पूर्णांक तीन. सिस्टरने तो कागद सर्जनच्या आधी तिला दाखवला. सर्जनने मान डोलावली, तारीख दिली आणि म्हणाला, “तुम्ही याल असं वाटलं नव्हतं.”

“माहीत आहे,” किटलीताई म्हणाली.

रजेसाठी ती मॅडमकडे गेली. मॅडम खुर्चीतून उठल्याच. कसलं ऑपरेशन, हे त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्यांनी पुन्हा मायेनेच विचारलं, रजेच्या कारणात हर्निया घालू का, म्हणजे कुणी काही बोलणार नाही. किटलीताईला हसू आलं. जगातल्या सगळ्या भल्या माणसांनी मिळून तिच्यासाठी एकच आजार निवडून ठेवला होता.

“पोट कमी करायचंय म्हणून घाला,” ती म्हणाली. “तुम्हीच किटली काढून घेतली होतीत ना माझ्या हातातून? तेवढ्यासाठीच.”

मॅडमनी खाली मान घालून तसंच घातलं.

हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी लेक कामावरून आली ती थेट आईच्या खोलीत. किटलीताई पिशवी भरत होती. लेक पलंगाच्या कडेवर बसली, पिशवीतले टॉवेल काढून पुन्हा घडी घालू लागली. मुळात घडी नीटच होती.

या पोरीच्या पाठीवर सात मिनिटांनी एक मुलगा झाला होता. तो चार दिवस राहिला. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे, कारण नाव ठेवायला तो थांबलाच नव्हता. लेकीला लहानपणी एकदा सांगितलं होतं, तिने एकदाच ऐकून घेतलं होतं. पुन्हा विषय नाही. मात्र रांगेतली कुणी बाई किटलीताईला “कितवा” विचारी, तेव्हा तोंडाने काही बोलली तरी आत दर वेळी एकच उत्तर येई: दोघं होते.

“आई,” लेक टॉवेलकडे पाहत म्हणाली, “आम्ही दोघं एकत्र होतो, अशी ती एकच जागा आहे.”

किटलीताईचा हात पिशवीतच राहिला. लेकीच्या नको म्हणण्यामागे लोकलज्जा आहे असं ती इतके महिने धरून चालली होती. हसत हसत ती तिला म्हणालीही होती एकदा, की भाडेकरू गेले, आता खोली मला रिकामी पाहिजे. तेव्हा लेक उठून आत गेली होती. विनोद आवडला नाही असं वाटलं होतं.

ती लेकीशेजारी बसली. पोट मांडीवर आलं. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

“मला माहीत नाही असं वाटतं तुला?” ती म्हणाली. “मी तर रोज घेऊन चालले. जिने चढले. पण त्याला आठवायला मला हे लागत नाही गं. कधीच लागलं नाही. लोक विचारत, म्हणून ते लोकांचं झालं होतं. आता मला ते लोकांकडून काढून घ्यायचंय.”

लेकीने टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातली.

“तीस वर्षं मी नेलं,” किटलीताई म्हणाली. “आता थोडं तू घे. अंगावर नाही, नुसतं आठवणीत. जमेल तेवढं.”

लेकीने टॉवेल पिशवीत ठेवला. मग तिने आईच्या पोटावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा नव्हे, पाहुण्याने निरोप घेताना उंबऱ्याला लावावा तसा, आणि उचलला. “उद्या मी रजा टाकलीय,” ती म्हणाली. “हर्निया नाही लिहिलं.”

ऑपरेशन झालं. वाढवलेल्या रक्तातलं थोडं गेलं, पण शिल्लक होती. शुद्धीवर आल्यावर किटलीताईने पहिल्यांदा विचारलं, किती राहिलं? सर्जनला वाटलं कातडं विचारतेय, तो म्हणाला सगळं काढलं. ती म्हणाली, रक्त हो.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर पित्ताशयाचे खडे काढलेली एक बाई होती. तिने दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या सासूबाईंना विचारलं, सूनबाईंना काय झालं होतं? लेकीचे कान टवकारले. किटलीताईने डोळे मिटून घेतले.

“झालं काही नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या. “तिला हवं होतं म्हणून केलं. हौसेचं ऑपरेशन आहे.” आणि त्या बाईने तोंड उघडायच्या आत, “तुमच्या खड्यांची होती का हौस? नव्हती ना? मग तुमच्यापेक्षा बरंच म्हणायचं.”

तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरने किटलीताईला उठवून चालायला लावलं. नियम असा, की टाके ताणू नयेत म्हणून पहिले काही दिवस सरळ उभं राहायचं नाही. कमरेत वाकूनच चालायचं. टाक्यांच्या बाजूने एक बारीक नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला छोटी बाटली, त्यात आतलं साचलेलं लालसर पाणी उतरत होतं. बाटली कुणीतरी हातात धरून मागून चालायचं होतं. लेकीने ती घेतली.

“सांडू नको,” किटलीताई म्हणाली. “कलेजी आहे त्यात.”

“बोलू नकोस. हसलीस तर टाके दुखतील.”

चाकाची खुर्ची तिने नको म्हणून सांगितली. कॉरिडॉर लांब होता, एका बाजूला खिडक्या. सासूबाई आपल्या काठीनिशी बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, वाकून कसं चालायचं ते मला विचार; खाली बघायचं नाही, पुढच्या माणसाच्या गुडघ्याकडे बघायचं. किटलीताईने त्यांच्या खांद्याचा आधार घेतला. इतकी वर्षं ती त्यांच्यापेक्षा हातभर उंच होती. आज दोघींची डोकी एका पातळीवर आली होती, आणि सासूबाईंच्या केसांना आवळ्याच्या तेलाचा वास येतो हे तिला पहिल्यांदाच कळलं.

समोरून एक माणूस फळांची पिशवी घेऊन येत होता. वाट देत तो म्हणाला, “सावकाश हं, आजी.”

“आजी ही,” किटलीताई म्हणाली. “मी सरळ व्हायची आहे अजून.”

त्या पुढे निघाल्या. पाऊल, थांबणं, पाऊल. मागे वळून पाहणं शक्य नव्हतं, वळलं की ओढ बसे. पण मागून लेकीच्या चपलांचा आवाज येत होता. नळी ताणली गेली की ती एक पाऊल पुढे येई. सैल पडली की थांबे.

“आहेस ना?” किटलीताईने न वळता विचारलं.

“आहे.”

“चल मग,” ती म्हणाली, आणि तिने पुढचं पाऊल टाकलं.